संपर्क : चैन की गरज?

— द्वितीय वर्ष, कला

प्रवासाला निघताना मोबाइल घरी ठेवावा, निदान बंद तरी ठेवावा, असे सांगणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढत चालली आहे. गेल्या वर्षी आपल्याच महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत 'मोबाइल : शाप की वरदान?' या विषयावर जे नऊ जण बोलले, त्यांपैकी सात जणांनी मोबाइलला शापच ठरवले आणि टाळ्याही त्यांनाच अधिक पडल्या. प्रवासवर्णन शिकवताना आमचे प्राध्यापकही मोठ्या ओढीने सांगतात, की ज्यात माणूस थोडा हरवतो तोच खरा प्रवास. आजचा प्रवासी खिशात घर घेऊन फिरतो, मग त्याला परदेश दिसावा कसा?

हे मत ऐकायला गोड आहे आणि त्यामागचा अनुभवही खोटा नाही. परंतु ते मला पटत नाही. हरवण्यात आनंद त्यालाच वाटतो, ज्याला आपण सापडणार याची खात्री असते. हौसेने जाणाऱ्याचा प्रवास वेगळा आणि पोटासाठी जाणाऱ्याचा वेगळा. पहिल्याला संपर्क तुटला तर निवांतपणा मिळतो. दुसऱ्याचा संपर्क तुटला तर त्याच्या घरी चूल पेटली तरी घास उतरत नाही.

आपल्या मराठीतले एक जुने आणि थोर प्रवासवर्णन गोडसे भटजींचे. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ साली छापले गेले. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे गेले ते हौसेखातर नव्हे. घरावर कर्ज होते आणि दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत बंडाची धामधूम सुरू झाली आणि झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीत होते. त्यांनी काय पाहिले हे आपण अभ्यासतो, त्यावर टिपणे काढतो. परंतु तेवढे दिवस वरसईच्या घरात काय चालले असेल, हा प्रश्न मी परीक्षेत आलेला पाहिला नाही. प्रवासवर्णन हे जाणाऱ्याचे असते. वाट पाहणाऱ्याचे पुस्तक सहसा कोणी लिहीत नाही. मी वाट पाहणाऱ्या घरातली आहे, म्हणून हा विषय मला त्या बाजूने मांडावासा वाटतो.

विषयाकडे माझे लक्ष वळले ते एका साध्या निमित्ताने. संध्याकाळी दोन तास मी गावातल्या मोबाइलच्या दुकानात बसते. रिचार्ज मारणे, सिमकार्डाची केवायसी करणे, फोनला काच लावणे अशी कामे असतात. उन्हाळ्याच्या सुटीत एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी दुकानात आल्या. त्यांचा मुलगा जर्मनीत म्युनिकला नोकरीला. तो आईवडिलांना स्वतःच्या मोटारीने पंधरा दिवस फिरवणार होता : म्युनिकहून ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग, ब्रेनर खिंडीतून इटलीत वेरोना आणि मिलान, तेथून स्वित्झर्लंड, मग चिमुकले लिख्टेनस्टाइन आणि परत म्युनिक. म्हणजे एका मोटारीत बसून पाच देश! गुरुजींनी विचारले, "ताई, पाच देशांची पाच सिमकार्डे घ्यायची की काय?" मालकांनी नेहमीप्रमाणे, "तू बघ गं," म्हणून ते काम माझ्याकडे ढकलले. मी चार दिवस त्याचा पिच्छा पुरवला आणि त्यातून जे कळले ते थोडक्यात सांगते.

सिमकार्ड हा प्लास्टिकचा तुकडा नसून तो एक छोटासा संगणक असतो. त्यात दोन गोष्टी जपलेल्या असतात. एक, ग्राहकाची ओळख सांगणारा क्रमांक. आणि दुसरी, एक गुप्त किल्ली, जिच्यावरून कंपनीचे जाळे आपल्या ग्राहकाला ओळखते. पहिली सिमकार्डे १९९१ मध्ये म्युनिकच्याच एका कारखान्यात फिनलंडच्या कंपनीसाठी तयार झाली. ती आजच्या एटीएम कार्डाएवढी होती. पुढे ती लहान होत गेली आणि २०१२ मध्ये नखाएवढ्या नॅनो सिमपर्यंत आली. ई-सिममध्ये तो तुकडाही उरला नाही. फोन बनवतानाच त्यात एक कायमची चिप बसवलेली असते आणि कंपनीची ओळख व किल्ली इंटरनेटवरून त्या चिपमध्ये उतरवून घेतली जाते. आपल्याला जो क्यूआर कोड मिळतो, त्यात ती ओळख कोठून उतरवायची याचा पत्ता असतो. फोनमध्ये उतरवून ठेवण्याचा मार्ग सर्व कंपन्यांसाठी एकच असावा, म्हणून त्याचे नियम २०१६ मध्ये ठरले आणि दोन वर्षांत नामांकित फोनमध्ये ही सोय आली. अमेरिकेत तर २०२२ पासून आयफोनला सिमकार्डाची खाचच राहिली नाही.

प्रवासी ई-सिम विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात. त्या निरनिराळ्या देशांतील कंपन्यांकडून ठोक भावाने डेटा घेतात आणि 'युरोप, तीस दिवस, दहा जीबी' अशी पुडी बांधून विकतात. गुरुजींना मी जे सांगितले ते कोणालाही उपयोगी पडेल. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबावे. ईआयडी नावाचा लांबलचक क्रमांक दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. ई-सिम घरच्या वायफायवरच उतरवून घ्यावे, कारण ते उतरवायलाच इंटरनेट लागते आणि परक्या विमानतळावर ते शोधत बसण्याची पाळी येऊ नये. पुडीवर 'युरोप' लिहिले असले तरी देशांची यादी वाचावी. स्वित्झर्लंड, ब्रिटन, सर्बिया ही नावे तीत आहेत की नाहीत ते पाहावे. ई-सिमच्या बाजूचे डेटा रोमिंग चालू ठेवावे आणि घरच्या सिमचे बंद. मात्र घरचे सिम काढून ठेवू नये, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो आणि अशा पुष्कळ ई-सिमांना बोलण्याचा नंबरच नसतो; ती केवळ डेटापुरती असतात. डोंगराळ भागात रेंज जाते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यावेत.

गुरुजी गेले, फिरले, आनंदाने परत आले आणि दुकानात पेढेही देऊन गेले. परंतु ते देशांची यादी तपासण्याचे काम करताना मला एक विलक्षण गोष्ट आढळली. या लेखाचे खरे कारण ती आहे. माणसाचा नकाशा आणि फोनचा नकाशा हे दोन वेगळे नकाशे आहेत.

म्युनिकचे सिम घेऊन तो मुलगा ब्रेनर खिंडीतून इटलीत उतरला, तेव्हा त्याला वेगळा दर पडला नाही. मिलानहून उत्तरेला कोमो आणि त्यापुढे लगेच स्वित्झर्लंडचे किआसो. तेथे पासपोर्ट पाहण्यासाठी एरवी कोणी थांबवत नाही, कारण स्वित्झर्लंड शेंगेन करारात आहे. फोन मात्र तेथे परका होतो, कारण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. कंपनीने स्वतःहून सवलत दिलेली असेल तर ठीक, नाहीतर दर निराळा. त्यापुढचे लिख्टेनस्टाइनही युरोपीय संघात नाही. परंतु फोनच्या नियमात ते सामील आहे, म्हणून तेथे फोन पुन्हा घरचा होतो. पाच देशांपैकी चारांत एक नियम आणि मधल्या एकात दुसरा. तेवढ्या एका देशाची फट बुजवण्यासाठी ई-सिमची पुडी विकत घ्यायची.

चारांतला तो नियम आपोआप आला नाही. परदेशी फोन वापरणाऱ्याकडून कंपन्या मन मानेल तसे पैसे घेत होत्या, तेव्हा युरोपीय संघाने २००७ मध्ये पहिल्यांदा त्यावर कमाल मर्यादा घातली : परदेशातून केलेल्या फोनला मिनिटाला ४९ सेंट आणि आलेल्या फोनला २४ सेंट, कर वेगळा. त्यानंतर दहा वर्षे ती मर्यादा खाली खाली आणली गेली आणि १५ जून २०१७ पासून हा जादा आकार रद्दच झाला. पोर्तुगालचे सिम पोलंडमध्ये घरच्या दराने चालू लागले. गैरवापर होऊ नये म्हणून काही अटी आहेत, परंतु सामान्य प्रवाशाला त्यांचा जाच नाही. २०२२ मध्ये या नियमाची मुदत २०३२ पर्यंत वाढवली गेली.

या नियमाचा लाभ कोणाला झाला? सुटीवर निघालेल्यांना झालाच. परंतु मला त्यात रुमानिया आणि बल्गेरिया यांच्यामधला जुर्जू-रूसेचा पूल दिसतो. डॅन्यूब नदीवरच्या या पुलाशी मालट्रकांच्या लांबच लांब रांगा लागत. हे दोन्ही देश २००७ पासून युरोपीय संघात आहेत, परंतु त्यांच्या जमिनीवरील सीमांवरची पासपोर्ट तपासणी उठली ती थेट १ जानेवारी २०२५ रोजी. म्हणजे २०१७ ते २०२४ अशी साडेसात वर्षे तेथे माणूस आणि ट्रक रांगेत अडकून पडत, परंतु त्या ट्रकवाल्याचा फोन मात्र घरच्या दराने घरी लागत होता. माणूस अडला तरी त्याचा आवाज अडत नव्हता.

मला हा पूल दिसण्याचे कारण माझे वडील. आप्पा ट्रक चालवतात. नाशिक जिल्ह्यातला कांदा भरून ते धुळे, इंदूर, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर असे करत सोनौलीच्या नाक्यावर पोहोचतात आणि तेथे भन्सारची, म्हणजे नेपाळी जकातीची, कागदपत्रे करून पलीकडे भैरहवा, बुटवलकडे जातात. तेही एका अर्थी अनेक राज्यांतून आणि दोन देशांतून केलेली 'रोड ट्रिप'च. फक्त तिचे फोटो कोणी काढत नाही. आता गंमत पाहा. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० चा करार आहे. आपल्याला नेपाळात जायला ना व्हिसा लागत, ना पासपोर्ट. सोनौलीच्या कमानीखालून माणसे बाजारहाटाला जावे तशी ये-जा करतात. माणूस मोकळा आहे. परंतु प्रीपेडचे साधे रिचार्ज असलेला फोन पुढे काही अंतर गेला, की मुका होतो. डॅन्यूबवर माणूस अडत होता आणि फोन जात होता. आमच्याकडे माणूस जातो आणि फोन अडतो.

२०२३ च्या डिसेंबरात मी बारावीत होते. ७ डिसेंबरला कांद्याच्या निर्यातबंदीचा हुकूम निघाला आणि दुसऱ्या दिवशी बाजार समितीतून ही बातमी गावभर झाली. नाक्यावर गाड्या अडवल्या, माल सडणार, भाडे बुडणार, अशा बातम्या येऊ लागल्या. आप्पांची गाडी नाक्याच्या अलीकडे अडकली की पलीकडे गेली, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. फोन लावला की 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' हे एकच वाक्य, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. आजी दर तासाला विचारी, "लागला का गं?" आईने दोन दिवस घरातले प्रत्येक काम दोनदा केले. तिसऱ्या दिवशी अनोळखी नेपाळी नंबरावरून फोन आला. आप्पा एका ढाबेवाल्याच्या फोनवरून बोलत होते आणि अगदी शांत होते. गाडी बंदीच्या आधीच पलीकडे गेली होती, माल उतरला होता. त्यांना बंदीची बातमीच कळलेली नव्हती! घरी आपली काळजी चालली असेल, हे त्यांना कळावे तरी कसे? उलट आई रडते आहे हे ऐकून तेच घाबरले आणि घरात काय अघटित घडले, म्हणून पुन्हा पुन्हा विचारू लागले.

कोणी म्हणेल, यावर ई-सिम हाच तर उपाय आहे. बुद्धिमान उपाय आहे, यात शंका नाही. परंतु तो कोणासाठी आहे? आप्पांचा फोन आठ हजारांचा; त्यात ईआयडी दिसत नाही. दुकानात येणाऱ्या स्वस्त फोनांपैकी बहुतेकांत तो दिसत नाही, हे मी रोज पाहते. परदेशी ॲपवरून ई-सिम घ्यायचे तर पैसे भरायला बहुधा परदेशात चालणारे कार्ड लागते आणि सूचना इंग्रजीत असतात. म्हणजे सीमेपलीकडे बोलण्याची सोय निघाली, परंतु महागडा फोन, कार्ड आणि इंग्रजी ही तीन तिकिटे आधी काढावी लागतात. गुरुजींकडे ती होती, आप्पांकडे नाहीत. सोय विकत मिळते तोवर ती थोड्यांची असते; नियमाने मिळते तेव्हा ती सर्वांची होते. रूसेच्या पुलावरच्या ट्रकवाल्याला नवा फोन घ्यावा लागला नाही. त्याच्या खिशातला जुनाच फोन एका सकाळी पलीकडेही चालू लागला.

आणि हे आपल्या देशाला नवे नाही. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाइलवर पहिले संभाषण केले, तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले. २००६ च्या मार्चमध्ये बीएसएनएलने 'वन इंडिया' योजना आणली आणि देशात कोठेही एक रुपयात एक मिनिट बोलता येऊ लागले. तरी राज्य बदलले की रोमिंग लागतच होते. आई सांगते, की आप्पा मध्य प्रदेशात शिरले की आपला फोन उचलत नसत. 'मिसकॉल' हीच खूण होती. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन रिंगा म्हणजे निघालो. १५ जून २०१५ रोजी बीएसएनएलने देशभर येणाऱ्या फोनवरचे रोमिंग बंद केले आणि पुढच्या एकदोन वर्षांत बाकीच्या कंपन्यांनाही तोच मार्ग धरावा लागला. आज आप्पा झाशीहून बोलतात तेव्हा ते दुसऱ्या राज्यात आहेत, हे आमच्या लक्षातही येत नाही.

योगायोग असा, की त्याच दिवशी, १५ जून २०१५ रोजी, भूतानच्या थिंफू शहरात भारत, नेपाळ, बांगलादेश आणि भूतान यांनी एकमेकांच्या हद्दीत मोटारवाहने जाऊ देण्याच्या करारावर सह्या केल्या. पुढे भूतानच्या संसदेत तो अडला आणि उरलेल्या तिघांनी पुढे जावे असे ठरले. तो करार वाहनांचा होता. माझी सूचना एवढीच आहे, की जेथे ट्रक जाण्याचा करार होतो तेथे ट्रकवाल्याचा फोन जाण्याचाही करार व्हावा. चाक पुढे गेले आणि आवाज मागे राहिला, तर त्याला दळणवळण म्हणायचे कसे?

यावर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला सुरक्षिततेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकारच्या सूचनेवरून जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी ई-सिम विकणारी दोन मोठी परदेशी ॲप्स भारतातील ॲप स्टोअरवरून हटवली गेली, कारण येथे अशी सिमे विकण्यासाठी लागणारी परवानगी त्यांच्याजवळ नव्हती. परंतु सुरक्षिततेचाच विचार करायचा तर कोणता फोन अधिक चांगला? ज्याची केवायसी झाली आहे असा आप्पांचा स्वतःचा नंबर, की ढाब्यावर मागून घेतलेला परका नंबर? नियमाने जोडलेल्या फोनची नोंद दोन्ही देशांजवळ राहील.

दुसरा आक्षेप कंपन्यांच्या खर्चाचा. परक्या ग्राहकाचा फोन आपल्या टॉवरवरून लावून द्यायला खर्च येतो, हे खरेच आहे. म्हणून तर युरोपात कंपन्यांनी एकमेकींना द्यायच्या ठोक दरावरही मर्यादा घातली गेली. तेथे हे काम एका रात्रीत झाले नाही, दहा वर्षे लागली. आपल्याकडेही लागोत, परंतु दहा वर्षे लागणारे काम कधीतरी सुरू करावे लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा : ज्या जगात माणसाला अन्न आणि औषध मिळत नाही, तेथे फोनचे काय घेऊन बसलात? याचे उत्तर मी माझ्या पदरचे देत नाही. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझा पट्टीतील फोन आणि इंटरनेट जवळजवळ पूर्णपणे तुटले. तेव्हा कैरोतील लेखिका मिर्ना अल हेलबावी यांनी लोकांना एक वेगळीच मदत मागितली. प्रवाशांसाठी असलेली ई-सिमे विकत घ्या आणि त्यांचे क्यूआर कोड आम्हाला पाठवा, असे त्यांनी आवाहन केले. जगभरच्या अनोळखी माणसांनी ते पाठवले. गाझातील लोक उंच गच्चीवर किंवा सीमेजवळ जाऊन पलीकडच्या देशाची रेंज पकडत आणि आपण जिवंत असल्याचे कळवत. अन्नाची ददात असलेल्या माणसांनी त्या वेळी गच्चीचा जिना का चढावा, याचा आपण विचार केला पाहिजे. सुटीत फिरणाऱ्यांसाठी काढलेली वस्तू, ज्यांना एकही सीमा ओलांडता येत नव्हती त्यांच्या उपयोगी पडली. मात्र तेथेही ज्याच्या हाती नवा फोन होता त्यालाच ती मिळाली, आणि तीही परक्याच्या दयेने.

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना माझी विनंती आहे. प्रवासात फोन बंद ठेवण्याचे सुख ज्याला हवे त्याने ते जरूर घ्यावे. डोंगरात जावे, नदीकाठी बसावे, दोन दिवस कोणाला सापडू नये. तो बंद करण्याचा अधिकार आहे आणि तो मोठा आहे. परंतु बंद करण्याचा अधिकार त्यालाच असतो, ज्याचा फोन चालू होऊ शकतो. ज्याचा फोन नाक्यावर दुसऱ्याच कोणी बंद केला आहे, त्याला निवांतपणाचे महत्त्व सांगू नये. आपल्यापैकी काही जण उद्या स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी होतील, काही पत्रकार होतील, एखादा परराष्ट्र खात्यातही जाईल. व्यापाराच्या आणि रस्त्यांच्या करारांचे मसुदे त्यांच्या टेबलावर येतील. त्या मसुद्यांत जकात, वजन, परवाना यांची कलमे असतील. त्यांखाली एक कलम फोनचेही घालता येईल. त्याला फार जागा लागणार नाही.